रान न शिकलेल्या मेंढ्या

ट्रकचे मागचे फळकूट खाली पडले तरी मेंढ्या उतरायला तयार नव्हत्या. शेवटी हेडली विंटल स्वतः आत चढला आणि पुढच्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर त्याने थाप मारली. ती उतरली, तशा बाकीच्याही एकमेकींना ढकलत लाँगस्लेड गावाच्या वरच्या अंगाच्या गवतावर उतरल्या. ओकच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती. नेच्यांची वळलेली टोके जमिनीतून वर येत होती. हेडलीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले, ट्रकवाल्याचा निरोप घेतला आणि तो चहा प्यायला घरी गेला. त्याच्या बापाने हेच केले असते, आणि आजानेही. आमच्या रानात मेंढी सोडायची म्हणजे सोडायची. कुंपण नाही, राखण्या नाही. सकाळी एक चक्कर मारून आपापल्या रंगाची खूण पाठीवर दिसते ना, एवढे पाहायचे. बाकीचे मेंढीला ठाऊक असते.

दुसऱ्या सकाळी तिथे एकही मेंढी नव्हती.

दोन कोलफर्डच्या पेट्रोल पंपावर सापडल्या. काही शेजारच्या गावातल्या चर्चच्या आवारात थडग्यांवरची फुले खात होत्या. बहुतेक जणी मात्र मोठ्या रस्त्याने पश्चिमेकडे, आल्या वाटेने वेल्सला परत निघाल्या होत्या. इनोस ग्विलियमची व्हॅन घेऊन दोघा म्हाताऱ्यांनी तो दिवस आणि पुढचाही दिवस त्या गोळा करण्यात घालवला.

"काय रे गड्या, या तुझ्यावर रुसल्यात का?" इनोस गाडी चालवता चालवता म्हणाला. तो आणि हेडली एकाच खाणीत एकाच थरावर शेजारी शेजारी कोळसा फोडत मोठे झाले होते. खाण बंद झाल्यावर दोघे सिंडरफर्डच्या एकाच कारखान्यात लागले. मेंढ्या मात्र दोघांनी आधीपासून पाळल्या होत्या आणि नंतरही.

"घर नाही ओळखत अजून," हेडली म्हणाला.

"ओळखतील कशा? कुंपणातल्या बायका त्या. चार भिंतींत वाढलेल्या. तू त्यांना सांगितलंस तरी का, बाई गं, हे तुझं रान म्हणून?"

"मेंढीला काय सांगायचं? तुझ्या बापाने सांगितलं होतं कधी?"

इनोसने गिअर बदलला. गाडी चढाला लागली. वळण गेल्यावर तो म्हणाला, "नाही. माझ्या बापाने मला मेंढ्या मोजायला शिकवलं. बाकी सगळं मेंढ्यांनाच येत होतं."

हे दोघांनाही त्याच क्षणी कळले, आणि खरे तर गावात यापूर्वी कुणाच्याच डोक्यात आले नव्हते. दोन वर्षांपूर्वी लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा रानातल्या झाडून सगळ्या मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या. गावातल्या लोकांनी हळहळ केली ती जनावरांसाठी. त्या जनावरांबरोबर आणखी काय गेले, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. लाँगस्लेडची मेंढी पूर्वेचा वारा सुटला की जुन्या ढिगाच्या आडोशाला जाऊन बसे. हा ढीग म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीची टेकडी; आता तिच्यावर गवत आणि बर्चची झाडे वाढली आहेत. नेचे वाढून गवत झाकले गेले की ती वरच्या, झाडे नसलेल्या मोकळवनात जाई. बर्फाची चाहूल लागली की आपण होऊन गावात उतरे. मोठा रस्ता ओलांडून मात्र कधी जात नसे. हे तिला तिच्या आईने दाखवलेले असे, आणि त्या आईला तिच्या आईने. माणसांनी ते कधी शिकवले नव्हते, त्यामुळे माणसांना ते शिकवता येत नव्हते.

इनोसने नव्या मेंढ्या घेतल्या नाहीत. त्याचा खुबा गेला होता. गावातल्या इतरांपैकी काहींनी घेतल्या, काही थांबले. हेडलीने घेतल्या, याचे कारण त्याने कुणाला सांगितले नाही. साथीच्या आधीच्या हिवाळ्यात त्याची बायको आयव्ही गेली होती. तिच्यानंतर मेंढ्या होत्या, आणि मग मेंढ्याही नव्हत्या. त्या घरात त्याने दोन वर्षे काढली. सकाळी फाटक उघडावे आणि पुढे कुठे जायचे ते सुचू नये, म्हणून पुन्हा लावून आत यावे, असे त्याचे चाले.

त्या संध्याकाळी स्विंडनहून मुलीचा फोन आला.

"बाबा, तू परत मेंढ्या घेतल्यास?" ग्लेनिस म्हणाली.

"घेतल्या."

"मला न सांगता."

"सांगतोय की आत्ता."

"इनोसकाकाने सांगितलं. पेट्रोल पंपावर सापडल्या म्हणे. बाबा, एखाद्या गाडीखाली आली आणि गाडीतलं माणूस दगावलं तर? तुझी छाती ही अशी. तू रस्त्यारस्त्याने मेंढ्यांमागे धावणार आहेस का?"

हेडलीने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"हे बघ, एक ठरवू या," ती म्हणाली. "पानं गळेपर्यंत. तोवर त्या रानात टिकल्या तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही टिकल्या तर विकायच्या, आणि तू इकडे यायचंस. मागची खोली मी रिकामीच ठेवली आहे. स्विंडन काही परदेश नाही."

"आहे," हेडली म्हणाला. पण त्याने ते मान्य केले, कारण ती बोलत होती त्यात खोटे काही नव्हते.

मग तो रोज रानात जाऊ लागला. चक्कर मारायला नाही, तर राहायला. घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, पाव, चीज आणि व्हिनेगरमधला कांदा. सकाळी मेंढ्यांना तो स्लेड नावाच्या घळीतल्या ओढ्यापर्यंत नेई, ऊन चढले की वरच्या मोकळवनात, आणि परतताना ढिगाच्या उतारावर. पहिले काही आठवडे काठी आणि शिव्या यांवरच काम चालले. जरा नजर हलली की कळपाची म्होरकी पश्चिमेला तोंड करी. लांब नाकाची, एक कान लोंबलेली ही मेंढी मनात आणले की चालू लागे आणि बाकीच्या तिच्यामागे. हेडली वाकडी वाट करून पुढे जाई आणि तिच्या रस्त्यात उभा राही. दोघे एकमेकांकडे पाहत. मग ती तोंड फिरवी, जणू तिला मुळी जायचेच नव्हते.

"तू त्यांची आई झालास," इनोस एकदा काठी टेकत वर आला तेव्हा म्हणाला.

"आई नाही. सासू."

"तेही खरंच. तोंड तसंच आहे तुझं."

नेचे कमरेएवढे वाढले आणि गवत त्यांच्याखाली गेले. हेडली मेंढ्यांना वर घेऊन जाऊ लागला. तिथे दिवसभर क्वचितच माणूस दिसे. मोकळवनात एखादी गाडी येऊन थांबे, कुणी कुत्रा फिरवून निघून जाई. या जागेच्या बरोबर खाली त्याने वीस-बावीस वर्षे पोटावर पडून कोळसा काढला होता, आणि वर काय आहे याचा त्या वेळी कधी विचार केला नव्हता. आता वर बसून तो खालचा विचार करी. एक दिवस त्याच्या ध्यानात आले की हा विचार तो मोठ्याने करतो आहे. "इथं खाली छत वाईट होतं," तो म्होरकीला सांगत होता, "आम्ही लाकडं लावली की पाणी त्यांच्यातून गळायचं." म्होरकी रवंथ करीत होती. हेडलीने आजूबाजूला पाहिले. मग त्याला वाटले, ऐकणारे कुणी नाही तर लाज कसली, आणि तो पुढे सांगू लागला.

तेव्हापासून तो बोलत गेला. खाणीचे बोलणे संपल्यावर आयव्हीचे आले. ती मेंढ्यांवर चिडे, त्यांना कोबीची पाने टाकी, आणि टाकताना पुन्हा चिडे. घरी तो रेडिओही लावत नसे, इथे मात्र संध्याकाळपर्यंत त्याचा घसा दुखू लागे. मेंढ्या आता त्याच्या खुर्चीभोवतीच चरत. काठी तो घरी विसरून येऊ लागला. तो उठला की त्या उठत. तो ओढ्याकडे निघाला की त्या निघत. एकदा पूर्वेचा वारा सुटला तेव्हा तो ढिगाच्या आडोशाला जाऊन बसला, तर सगळा कळप त्याच्या मागोमाग येऊन बसला. मेंढ्यांच्या अंगाची ऊब त्याच्या पायांना लागत होती. त्या दिवशी अंधार पडायला लागला तरी तो उठला नाही.

"आवाज बरा वाटतोय तुझा," ग्लेनिस फोनवर म्हणाली.

"टिकल्या," हेडली म्हणाला. "रस्त्याकडे बघतही नाहीत."

"खरंच?"

"इनोसला विचार."

"विचारते," ती म्हणाली, आणि हसली. पण तिच्या हसण्यात थोडी निराशा होती. ती त्याला कळली, आणि तिच्याविषयी त्याला माया वाटली.

पाने पिवळी पडू लागली त्या सुमारास पावसात भिजून हेडलीची छाती धरली. खाणीची धूळ ज्यांच्या छातीत आहे त्यांना हे नवे नसते. डॉक्टरने पडून राहायला सांगितले आणि तो पडून राहिला. मेंढ्यांची त्याला काळजी नव्हती. त्या रान शिकल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या मिसेस ऑल्डिंग्टन दार वाजवू लागल्या. या बाई नवऱ्याबरोबर लंडनकडून इथे राहायला आल्या होत्या; नवरा पुढे वारला, त्या राहिल्या. मेंढ्यांवरून त्यांचे आणि आयव्हीचे बरेच वाजले होते.

"मिस्टर विंटल, तुम्हाला बरं नाही हे मला माहीत आहे," त्या दारातूनच म्हणाल्या. "पण तुम्ही जरा बाहेर बघाल का?"

हेडलीने खिडकीशी येऊन पडदा सारला. सगळा कळप रस्त्यावर होता. फाटकाला नाक लावून म्होरकी उभी होती आणि तिच्यामागे, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बाकीच्या. काही मिसेस ऑल्डिंग्टन यांच्या बागेत शिरल्या होत्या. दुधाची गाडी अडकून पडली होती. सगळ्या एकसारख्या ओरडत होत्या. पडदा हलला तशी म्होरकीने मान वर केली, आणि ती गप्प झाली. मग एकेक करून बाकीच्याही गप्प झाल्या आणि होत्या तिथेच, डांबरावर, खाली बसल्या.

दुधाच्या गाडीमागून इनोस आला. तो बसलेल्या मेंढ्यांमधून वाट काढत फाटकापाशी पोचला, त्याने एकदा कळपाकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिले, आणि तो आत येऊन खुर्चीत बसला.

"त्या रान नाही शिकल्या, हेडली," तो म्हणाला. "त्या तुला शिकल्या."

हेडली खिडकीपाशीच उभा होता.

"तू उद्या मेलास तर त्या तुझ्या थडग्यावर जाऊन बसतील. रानात नाही. आणि स्विंडनला गेलास तर सगळ्या मोटाररस्त्याने निघतील."

"बरा झालो की परत घेऊन जातो."

"आणि मग? जन्मभर खुर्ची घेऊन बसणार आहेस?"

बसेन की, असे हेडलीच्या ओठांवर आले होते. मिसेस ऑल्डिंग्टन अजून दारात उभ्या होत्या, म्हणून तो बोलला नाही.

"मग करायचं काय?" त्यानेच शेवटी विचारले, जरी उत्तर त्याला ठाऊक होते.

"आम्ही नेऊन सोडतो. तू दिसायचं नाहीस. आवाज द्यायचा नाही. परत आल्या तर परत नेतो. दूध तोडताना मेंढी पिल्लाला लाथ मारते की नाही? तसं."

"तुमचा खुबा," मिसेस ऑल्डिंग्टन इनोसला म्हणाल्या. "तुम्ही एकटे कसे नेणार?"

"एकटा कुठे? तुम्ही आहात ना."

"मी?"

"हात पसरा बघू. असे. आणखी. आता तुम्ही दार आहात असं समजा."

"दार?"

"बंद दार. पळायचं नाही, ओरडायचं नाही. दार कधी ओरडतं का?"

हेडलीने पडदा ओढून घेतला आणि तो पलंगावर जाऊन बसला. बाहेर इनोसच्या शिव्या, बाईंचे "अहो, इकडे नाही, इकडे नाही", आणि खुरांचा आवाज. मग मेंढ्यांचे ओरडणे वर वर, चढाच्या बाजूला जात कमी झाले.

संध्याकाळी मेंढ्या परत आल्या. पुढच्या सकाळी पुन्हा आल्या. रोज तसेच होत राहिले. हेडली मागच्या खोलीत राहू लागला; पुढच्या खोलीतला दिवाही लावीत नसे. खोकल्याची उबळ आली की तो उशीत तोंड खुपसे, कारण एकदा खोकला ऐकून फाटकापाशी गलका झाला होता. त्यांचे ओरडणे भिंतीतून येई. एकेकीचा आवाज त्याला ओळखू येत होता, आणि कोणती ओरडायची थांबली तेही कळे. एकदा पाऊस लागला तेव्हा तो उठून दाराच्या कडीपर्यंत गेला. कडीवर हात ठेवून तो उभा राहिला. बाहेर बंद दार होऊन भिजत उभ्या असलेल्या मिसेस ऑल्डिंग्टन म्हणत होत्या, "नाही, बाई. तो घरात नाही. घरात कुणीच नाही." मेंढीशी त्या इतक्या गंभीरपणे खोटे बोलत होत्या की हेडलीला हसू आले, आणि त्याने हात काढून घेतला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मिसेस ऑल्डिंग्टन त्याला सूप घेऊन आल्या. मागच्या दाराने.

"खोटं कशाला सांगू," त्या म्हणाल्या. "मेंढ्या नव्हत्या तेव्हा माझी बाग फार चांगली आली होती. मला बरं वाटत होतं."

"वाटणारच."

"यंदा पुन्हा खाऊन टाकली."

"मी भरून देईन."

"ते नाही म्हणत मी." त्यांनी भांड्यावरचे झाकण नीट केले. "त्या पुढच्या मेंढीला मी रोज सांगते, घरात कुणी नाही म्हणून. मग घरी जाऊन माझं दार उघडताना तेच शब्द ऐकू येतात. एवढंच म्हणत होते."

हेडलीने त्यांना बसायला सांगायला हवे होते. ते त्याला नंतर, त्या गेल्यावर सुचले.

हळूहळू मेंढ्या सकाळीच तेवढ्या येऊ लागल्या, मग एखाददोन दिवसांआड, मग निम्म्याच. ओकची पाने गळून गेली होती, आणि ठरल्याप्रमाणे ग्लेनिस शनिवारी गाडी घेऊन आली. रविवारी ती सकाळी उठली तेव्हा हेडली मागच्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकत होता. तीही दारात उभी राहिली.

"काय आहे?" तिने विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. "आल्या नाहीत."

दुपारी इनोस येऊन सांगून गेला: ढिगाच्या उतारावर बसल्या आहेत, वारा पूर्वेचा आहे, आणि कुणी नेल्या नाहीत. तो हे सांगताना खूश होता. ग्लेनिसने त्याला चहा दिला आणि त्यानेच सगळा केक संपवला. तो गेल्यावर ती बापाच्या समोर बसली.

"म्हणजे तू जिंकलास."

"दिसतंय तसं."

"मग जाऊन बघ तरी त्यांना. मी सोडते गाडीने."

"नको."

"बाबा, तुला जायचंय. तोंडावर दिसतंय."

"आत्ता गेलो तर सगळं फुकट. हिवाळा काढू दे. वसंतात पिल्लं होतील, ती आईमागे फिरतील. मग बघू. लांबून."

ग्लेनिसने केकची रिकामी ताटली बाजूला सारली. "तोवर तू करणार काय इथे?"

हेडली चहाचे कप गोळा करू लागला. तिने दुसरे काही विचारले नाही. ठरल्याप्रमाणे स्विंडनच्या मागच्या खोलीचा विषयही काढला नाही. अंधार पडायच्या आत ती निघाली. निघताना तिने त्याला धरले आणि जरा जास्त वेळ धरून ठेवले.

त्यानंतरच्या आठवड्यात हेडली पहिल्यांदा पाव आणायला बाहेर पडला. दुकानाची जवळची वाट स्लेडवरून जाते. तो लांबच्या वाटेने, चॅपलला वळसा घालून गेला. येताना चढावर दम लागला म्हणून तो एका हॉलीच्या काटेरी झुडपाशी थांबला. तिथून रस्ता वळतो आणि पुढे मोकळवनाची कड दिसते. मेंढ्या तिथे रस्ता ओलांडत होत्या. गावाकडे नाही, मोठ्या रस्त्याकडेही नाही. वरच्या गवतातून ओढ्याकडे, जायला हवे त्याच बाजूला. म्होरकी पुढे होती. एक मोटार थांबून त्यांची वाट पाहत होती.

हेडली झुडपाच्या आड सरकला. वारा त्याच्या पाठीमागून त्यांच्याकडे वाहत होता, हे त्याच्या उशिरा लक्षात आले. म्होरकी थांबली. तिने मान वर करून हॉलीकडे पाहिले. तिच्यामागच्याही थांबल्या. त्याने श्वास रोखून धरला. छातीत खोकला चढत होता, तो त्याने बाहीत दाबला.

ती पाहत राहिली. मग तिने मान खाली घातली, रस्त्याच्या कडेचे थोडे गवत तोडले, आणि ती चालू लागली. शेवटची मेंढी ओढ्याच्या उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत हेडली हलला नाही. मग त्याने मोकळेपणाने खोकून घेतले, पावाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तो घराकडे निघाला.